आजी-आजोबा, आपण आणि मुलं: जपानच्या शहरांची सहल कोणत्या क्रमाने आखावी

घरात जपानचा बेत ठरला की पहिली यादी होते ती ठिकाणांची. टोकियो, फुजी, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका, मधे एक दिवस डिस्नीलँड. मग विमान, मग हॉटेलं. आणि सगळ्यात शेवटी, बहुधा निघायच्या आठवड्यात, कुणीतरी विचारतं: आई तिथे खाणार काय? बाबांना जिने चढवतील का? तोवर सगळी बुकिंगं झालेली असतात आणि बदलायला काही उरलेलं नसतं.

क्रम उलटा हवा. आधी माणसं, मग तारखा, मग कागद, मुक्काम, सामान, जेवण, आणि ठिकाणं अगदी शेवटी. पुढचे टप्पे सहा-सात जणांचं कुटुंब धरून लिहिले आहेत: सत्तरीच्या आसपासचे आजी-आजोबा, चाळिशीतले आई-बाबा, शाळकरी मुलं. नऊ-दहा रात्री, टोकियो आणि ओसाका-क्योटो, भर शहरावर आणि खाण्यावर.

१. ठिकाणांआधी माणसांची यादी

एका कागदावर प्रत्येकाचं नाव आणि समोर चार गोष्टी लिहा: न थांबता किती चालवतं, जिना चढायला जास्त त्रास होतो की उतरायला, रोजची औषधं कोणती, आणि ताटात काय अजिबात चालत नाही. शेवटच्या रकान्यात "शाकाहारी" एवढंच लिहू नका. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, मांसाहारी तेलात तळलेलं चालतं का, सहलीच्या दिवसांत एकादशी किंवा चतुर्थी येते का, हे सगळं आत्ताच विचारून घ्या.

जपानी शहरात टॅक्सी वापरली तरी दिवसाला दहा-बारा हजार पावलं सहज होतात. त्यातली बरीचशी स्टेशनांच्या पोटातच जातात. त्यामुळे निघण्याच्या दोन महिने आधीपासून आजी-आजोबांचं रोजचं चालणं वाढवा, आणि तेही तिथे घालायच्याच बुटांत. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घातले की तिसऱ्या दिवशी फोड आलेच.

तपासा: घरातला सगळ्यात हळू चालणारा माणूस अर्ध्या तासात जिथवर जातो, तेवढाच तुमच्या एका टप्प्याचा पल्ला. पुढचं सगळं या मापाने करा.

२. तारखा

आपली मे महिन्याची सुटी आणि जपानची सगळ्यात मोठी गर्दी एकमेकांवर येतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. २९ एप्रिल ते ५ मे या काळात तिथे अनेक सुट्या येतात, तोच 'गोल्डन वीक'. हॉटेलं महाग आणि गाड्या भरलेल्या. या काळात नोझोमी या वेगवान शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) बिनआरक्षणाचे डबेही ठेवत नाहीत. मे महिन्यातच जायचं असेल तर ७-८ तारखेनंतर निघा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परत या, कारण त्यानंतर तिथेही पावसाळा लागतो.

जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा मुंबईकरालाही जड जातो, आणि ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पितरांच्या सणाची गर्दी असते. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या दिवसांत बरीच छोटी दुकानं आणि खानावळी बंद असतात. ज्येष्ठांसोबत जायला दिवाळीची सुटी मला सगळ्यात बरी वाटते. हवा सुखद असते, आणि क्योटोची लाल पानं बघायला लोटणारी नोव्हेंबरच्या उत्तरार्धातली गर्दी बहुधा अजून सुरू झालेली नसते.

विमानाचं तिकीट काढताना टोकियोत उतरा आणि ओसाकाच्या कानसाई विमानतळावरून परत या. परतीसाठी पुन्हा टोकियो गाठायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि माणशी चौदा हजार येनच्या आसपास भाडं वाया.

३. कागदपत्रं आणि औषधं

एकदाच प्रवेश देणारा पर्यटक व्हिसा दिल्याच्या दिवसापासून तीन महिने वैध असतो, म्हणून फार लवकर अर्ज करू नका. आजी-आजोबांचा खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर त्यांची आर्थिक कागदपत्रं आणि नात्याचा पुरावा सोबत लागतो. पासपोर्टवरचं आईचं नाव लग्नाआधीचं आणि बाकी कागदांवर नंतरचं असेल, तर हा घोळ अर्जाच्या आधीच निस्तरा. ई-व्हिसा मिळाला असेल तर तो विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून फोनवर दाखवावा लागतो. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. घरातला स्मार्टफोन एकाच्याच हातात असेल तर रांगेत सगळ्यांनी त्याच्याजवळच राहा.

'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती घरूनच भरा. एका खात्यात कुटुंबातल्या इतरांची नावं जोडता येतात.

औषधांकडे मात्र बारकाईने बघा.

- डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापर्यंतच्या साठ्याइतकी सहसा आधी परवानगी न घेता नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील तर निघण्यापूर्वी जपानच्या आरोग्य खात्याची मंजुरी लागते. दहा दिवसांसाठी वीस दिवसांची औषधं पुष्कळ झाली.
- सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं वाचा. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. कोडीनयुक्त खोकल्याचं औषधही घरीच ठेवा.
- गोळ्या मूळ पट्टीतच असू द्या, सोबत मूळ औषधांची (जेनेरिक) नावं लिहिलेली चिठ्ठी. डब्यात सुट्या ओतलेल्या गोळ्या आणि बिनलेबलच्या काढ्याच्या पुड्या नकोत.
- जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. इथे सकाळी आठला घेतलेली गोळी म्हणजे तिथे साडेअकरा. इन्शुलिन आणि रक्तदाबाच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने सरकवू नका.

सावध: औषधांची पिशवी केबिन बॅगेत, तीही दोन ठिकाणी विभागून. आधीचे आजार कबूल करून घेतलेला प्रवास विमाच घ्या. ते लपवून स्वस्त पडलेला विमा वेळेला कामाचा नाही.

४. मुक्काम: दोनच ठिकाणी

दर दोन रात्रींनी हॉटेल बदलणं ही या सहलीतली सगळ्यात महागडी चूक, पैशाने आणि दमणुकीनेही. टोकियोत पाच रात्री, मग उरलेल्या सगळ्या रात्री ओसाकात किंवा क्योटोत, बस्स. ओसाका आणि क्योटो यांच्यात जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, जलद गाडीने अर्धा तास लागतो. मी ओसाका निवडेन. शहर बरंचसं सपाट आहे, संध्याकाळी खाण्याचे पर्याय जास्त आहेत आणि परतीचं विमानही तिथूनच.

बुकिंग करताना बघायच्या गोष्टी:

खोलीत किती माणसं चालतात ते आधी. बहुतेक हॉटेलांत खोली दोघांची, फार तर तिघांची, आणि दर माणशी. "मूल आमच्यातच झोपेल" हे काउंटरवर सांगायचं नसतं, बुकिंगमध्ये लिहायचं असतं. कुटुंबासाठीची अपार्टमेंट हॉटेलं टोकियो, क्योटो, ओसाका तिन्हीकडे आहेत. त्यांत चार-सहा जण एका छताखाली राहतात आणि छोटं स्वयंपाकघरही मिळतं. शाकाहारी घरासाठी हाच पर्याय घ्या.

दुसरं, पलंग. ततामीवरची, म्हणजे गवती चटईवरची, गादी फोटोत छान दिसते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला पहाटे जमिनीवरून उठायचं असतं. तिसरं, न्हाणीघर. छोट्या हॉटेलांतल्या जुळवणीच्या न्हाणीघराला पायरीएवढा उंबरठा असतो आणि टबात पाय उचलून जावं लागतं. बसून अंघोळ करायची सोय आहे का, ते विचारा. चौथं, स्टेशनच्या ज्या दारापाशी लिफ्ट आहे तिथून हॉटेल किती दूर. "स्टेशनपासून तीन मिनिटं" हे जाहिरातीतलं अंतर जिन्याच्या दारापासून मोजलेलं असू शकतं.

खोली सहसा दुपारी तीनला मिळते. सामान आधी ठेवून घेतात, पण रात्रभराच्या विमानानंतर आजींना पाठ टेकायची असेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली राखून ठेवणं परवडतं.

५. सामान आणि गाड्या

विमानतळावरून ट्रेनऐवजी लिमोझिन बस घ्या. ती अनेक मोठ्या हॉटेलांच्या दारापर्यंत जाते आणि बॅगा चढवायला-उतरवायला माणसं असतात.

टोकियोहून ओसाकाला जाताना मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नका. हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्युबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने पाठवा. काळ्या मांजराच्या चिन्हाची यामातो कंपनी त्यात सर्वांत परिचित. टोकियो ते ओसाका बॅगा सहसा दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून एका रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत. पासपोर्ट तर रोजच जवळ हवा, परदेशी पाहुण्यांना कायद्यानेच तसं बंधन आहे.

बॅगा बरोबरच न्यायच्या असतील तर घरी टेप घेऊन मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरहून जास्त भरली, तर टोकियो-ओसाका मार्गावरच्या तोकाइदो शिंकान्सेनमध्ये मोठ्या सामानाची जागा असलेलं आसन आरक्षित करावं लागतं. त्याला जास्त पैसे नाहीत, पण आरक्षण न करता आलात तर १,००० येन भरावे लागतात.

जेआर पासबद्दल, म्हणजे ठरावीक दिवस जेआरच्या गाड्यांतून हवं तितकं फिरण्याच्या पासबद्दल, जुने सल्ले विसरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो ते ओसाका एकेरी प्रवासासाठी तो घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. सुटी तिकिटं काढा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. सहाच्या आतल्या मुलाला मांडीवर घेतलं तर भाडं नाही, स्वतंत्र आरक्षित आसन हवं असेल तर मुलाचं तिकीट काढा.

आसनं एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. रांग फिरवता येते, त्यामुळे मागेपुढे तीन-तीन घेतली की सहा जण समोरासमोर बसतात आणि डबे उघडता येतात. फुजी बघायचा असेल तर मात्र टोकियोहून निघताना उजवीकडची, 'ई' अक्षराची खिडकी. साधारण पाऊण तासाने डोंगर दिसतो, ढग नसतील तर.

शहरात फिरायला सुइका, पास्मो किंवा इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं. एक कार्ड फाटकावर सहा वेळा टेकवून सहा जण आत जात नाहीत. मुलांचं अर्ध्या भाड्याचं कार्ड स्टेशनवर पासपोर्ट दाखवून मिळतं.

६. जेवण

इथे सगळ्यात जास्त घरं अडकतात. घोळ मांसाचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे. जपानी स्वयंपाकात जवळजवळ प्रत्येक रसाचा पाया म्हणजे दाशी, आणि ती बहुतेकदा कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाची असते. मिसो सूप, उदोन या जाड शेवयांचा रस्सा, सोबा शेवयांसोबतची बुडवायची चटणी, तेम्पुरा या भज्यांची चटणी, उकडलेल्या भाज्या, इनारी सुशीचं गोडसर तोफू, ओकोनोमियाकी या धिरड्याचं पीठ, सगळीकडे ती असू शकते. थंड तोफूवरही तोच कीस भुरभुरवतात. करी राइस दिसायला ओळखीचा, पण करीच्या वडीत बऱ्याचदा जनावराची चरबी.

म्हणून हा क्रम पाळा.

(अ) घरूनच प्रत्येक शाकाहारी माणसासाठी जपानी लिपीत छापलेलं कार्ड करा. "मांस खात नाही" एवढ्याने भागत नाही, कारण तेवढं सांगूनही हॅमचे तुकडे किंवा माशाचा अर्क ताटात येतो. मांस, मासे, कोळंबी, हॅम, माशाची दाशी यांतलं काही चालत नाही, असं एकेक नाव घेऊन लिहा. त्याखाली काय चालतं तेही: भात, भाज्या, तोफू, दूध, समुद्री शेवाळ्याची दाशी. तोंडी सांगायला तीन शब्द पाठ करा: निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, दाशी.

(आ) कार्ड बसण्यापूर्वी दारातच दाखवा. स्वयंपाक्याला जमणार नसेल तर तो नम्रपणे नाही म्हणेल. हुज्जत घालू नका. "फक्त मासे काढून द्या" ही पद्धत तिथे फारशी नाही, आणि काढून दिलं तरी रस्सा तोच.

(इ) अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावर शाकाहार ठरवू नका. पाकिटांवर अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणा वगैरेंची नोंद सक्तीची आहे. पण कात्सुओबुशीचा मासा या अ‍ॅलर्जीच्या यादीत नाही, त्यामुळे तक्ता स्वच्छ दिसला तरी पदार्थ शाकाहारी असेलच असं नाही. त्याऐवजी फोनच्या कॅमेऱ्याने घटकांची यादी भाषांतर करून वाचा. कॉम्बिनीतल्या, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टमधल्या, आंबट प्लमच्या ओनिगिरीतही (भाताच्या वळलेल्या गोळ्यातही) कधी माशाचा अर्क असतो.

(ई) जेवणाच्या वेळा पुढे ओढा. बऱ्याच खानावळी दुपारी दोन ते पाच बंद, आणि बाराला कचेऱ्यांची रांग लागते. सव्वाअकराला जेवायला बसा, संध्याकाळी साडेपाचला. रात्री साडेआठला सहा जणांची जागा शोधत फिरणं आणि भुकेलं नातवंड सांभाळणं, दोन्ही एका वेळी जमत नाही.

(उ) जागा माणसांच्या संख्येवरून निवडा. प्रसिद्ध रामेनच्या (रश्शातल्या शेवयांच्या) दुकानात आठ स्टुलं आणि एक फळी. तिथे सहा जण घुसत नाहीत. कुटुंबासाठी डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहांची रांग बघा. लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, दारात नमुन्याची ताटं मांडलेली असतात आणि आजींना बोटानेही दाखवता येतं. टोकियो स्टेशनला लागून दाइमारू, ओसाकात उमेदाचं हांक्यू, क्योटो स्टेशनवर इसेतान. यांच्याच तळघरात खाद्यपदार्थांचा बाजार असतो, बंद व्हायच्या आधी डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लागते. ते डबे खोलीवर नेऊन खायचे, उभ्याने तिथेच नाही.

मुलांना फिरत्या पट्ट्याची सुशी हवीच असते, आणि तिथे शाकाहारी आजोबांचंही थोडंफार निभतं: काकडीचा रोल, मक्याचे दाणे, बटाट्याच्या काड्या, आइस्क्रीम. तेम्पुरा भाज्यांचा मागवून चटणीऐवजी मीठ मागा, पण तेल बहुधा कोळंबी तळलेलंच असतं.

पक्क्या शाकाहारासाठी काही ठिकाणं आधीच नकाशावर टाकून ठेवा. टोकियो स्टेशनात टीज तानतान हे पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं दुकान आहे. ते जेआरच्या फाटकाच्या आत आहे, म्हणून जेआर लोकलने उतरल्यावर बाहेर न पडता तिकडे वळा. क्योटोच्या आराशियामात तेन्र्यू-जी मंदिराच्या आवारात शिगेत्सु इथे शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं जेवण मिळतं. या पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हे ठिकाण आधी धरावं. आणि चौथ्या दिवशी सगळ्यांना फोडणीची आठवण झाली की तोझाई मेट्रोने निशी-कासाई गाठा. एदोगावा प्रभागातली ही भारतीयांची वस्ती. इथूनच २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ प्रभागाच्या सभेवर निवडून आले. वाणसामान आणि भारतीय जेवण दोन्ही मिळतं.

(ऊ) न्यायचं काय? मेतकूट, भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी, लोणचं, खाकरे. कॉम्बिनीत शिजवलेल्या भाताची पाकिटं मिळतात, ती मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतात. मेतकूट-भात झाला की आजींचं रात्रीचं जेवण झालं. उपवासाला केळी, दही, आणि थंडीत सुपरमार्केटच्या दाराशी भाजलेली गरम रताळी.

सावध: ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे, लिंबं नेऊ नका, त्यांना वनस्पती-तपासणीचा दाखला लागतो. कच्चं धान्य आणि डाळीही टाळा. मांसाचं काहीही, अगदी मांसाचं लोणचंसुद्धा, बंद.

सावध: घरचा छोटा कुकर किंवा किटली नेणं निरुपयोगी. तिथे वीज १०० व्होल्टची, आपली उपकरणं नीट तापतच नाहीत. अपार्टमेंटमधली शेगडी बहुधा इंडक्शनची, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. फोनचे चार्जर चालतात, पण दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

७. आता ठिकाणं

दिवसाला एकच ठरलेली गोष्ट, जेवणाच्या आधी. दुपारी दोन ते चार खोलीवर आराम. संध्याकाळ ऐच्छिक, ज्याला यायचं तो येईल.

पहिले दोन दिवस सकाळी लवकरचं काही ठरवू नका. तिथले आठ म्हणजे शरीराला पहाटेचे साडेचार. त्सुकिजीचा बाहेरचा बाजार तिसऱ्या दिवसानंतर ठेवा, आणि रविवार-बुधवार टाळा, त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात.

सकाळी साडेसात ते साडेनऊ लोकल पकडू नका. दादरला गर्दी पाहिलेल्यांनाही इथे मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन चढणं झेपत नाही. शिंजुकूसारख्या दोनशेच्या वर दारं असलेल्या स्टेशनात "बाहेर भेटू" म्हणणं म्हणजे हरवणं. दाराचं नाव किंवा क्रमांक ठरवा, आणि फोटो काढून सगळ्यांना पाठवा. शिबुयात हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी तर मुळीच भेटू नका, अर्धं शहर तिथेच उभं असतं.

टोकियोत उंचावरून शहर बघायला शिंजुकूतल्या महानगर सरकारच्या इमारतीचा ४५ वा मजला, २०२ मीटर, फुकट. आसाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरात वर जायला लिफ्ट आहे. ओसाकात तेनजिनबाशिसुजी हा सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा छप्पर असलेला बाजार, पावसात उत्तम. दमलं की मधेच मेट्रो स्टेशन सापडतं. क्योटोसाठी एकच दिवस: सकाळी आराशियामा, दुपारी शिगेत्सु, मग वेळ उरला तर निशिकी बाजार. तिथे घेतलेलं खाणं दुकानापाशीच संपवा, चालत खाऊ नका. फुशिमी इनारीचा डोंगर आजी-आजोबांना चढवू नका, खालच्या लाल कमानी पुरेशा आहेत.

क्योटोत बसऐवजी टॅक्सी. चौघांचं बसभाडं मिळून ९२० येन, जवळच्या अंतराला टॅक्सी थोडीच महाग पडते आणि उभं राहावं लागत नाही. मागचं दार आपोआप उघडतं, मुलांना ओढू देऊ नका. सहा जणांना दोन टॅक्सी लागतात, तेव्हा दुसरीतल्या ज्येष्ठांकडे जपानीत लिहिलेला पत्ता आणि रोख येन द्या. रोख पैसे सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर परदेशी कार्डाने निघतात. टिप कुठेच नाही.

प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड, आपला रक्तगट, औषधांची यादी आणि एका नातेवाइकाचा क्रमांक. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. रिकामी पिशवीही ठेवा, रस्त्यावर कचराकुंडी सहसा सापडत नाही.

८. शेवटचा दिवस

कानसाई विमानतळावर निघायच्या आदल्या रात्री बॅगा वजन करून बंद करा. टोकियोत घेतलेल्या साध्या सुइकातले उरलेले पैसे ओसाकात परत मिळत नाहीत, आणि पर्यटकांच्या वेलकम सुइकातले तर कुठेच नाहीत. ती शिल्लक कॉम्बिनीत किंवा पेयांच्या यंत्रांवर संपवता येते. सहा कार्डांत दोनशे-तीनशे येन उरले असतील तर ते काम नातवंडांकडे द्या.